फलभूमीचे दर्शन : लांगदॉकचे द्राक्षमळे आणि कौंडण्यपूर परिसरातील संत्राबागा

एखाद्या प्रदेशाचे नाव एकदा एखाद्या फळाशी जोडले गेले की त्या प्रदेशाच्या प्रवासाला ठराविक वळण लागते. हंगामात जावे, बागांतून हिंडावे, फळ अथवा त्याचा रस चाखावा, वाटेवरचे एखादे देऊळ किंवा जुना कोट पाहावा आणि परत यावे. दक्षिण फ्रान्समधील लांगदॉकच्या द्राक्षभूमीत येणारे पुष्कळसे प्रवासी असेच येतात. वऱ्हाडातील संत्र्याच्या मुलखात जाणारा पाहुणाही याहून फारसे वेगळे करीत नाही. या रीतीत गैर असे काही नाही. परंतु प्रदेशाच्या अभ्यासकाला तेवढ्यावर समाधान मानता येत नाही. फळ हे एका दीर्घ क्रमाचे केवळ टोक होय. झाडाचे मूळ, त्याखालची माती, विहिरीतील पाणी, कसणाऱ्याचे श्रम व कर्ज आणि दूरच्या बाजारातील भाव या साऱ्या गोष्टी त्या क्रमात फळाच्या आधी येतात, आणि कुटुंबाचे बरेवाईट ठरते तेही त्यांच्यावरच.

म्हणून फलभूमीच्या अभ्याससहलीत फळ सर्वांत शेवटी पाहावे. प्रथम मूळ, मग पाणी, मग बाजार असा क्रम ठेवावा, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे. त्यासाठी अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यातील कौंडण्यपूर हे वर्धाकाठचे प्राचीन स्थळ आरंभस्थान म्हणून धरले आहे. तुलनेसाठी लांगदॉकचा आधार घेतला आहे. ज्या संकटांतून वऱ्हाडचा संत्रा-उत्पादक आज जात आहे, त्यांपैकी दोन संकटे त्या द्राक्षभूमीने शतकापूर्वीच अनुभवली होती. तिसरे मात्र मुख्यतः वऱ्हाडचे स्वतःचे आहे.

१. द्राक्षभूमीत काय पाहावे

ऱ्होन नदीपासून पिरेनीज पर्वताच्या पायथ्यापर्यंत भूमध्य समुद्राच्या काठाने जो पट्टा पसरला आहे, तो लांगदॉक व रूसियाँ या नावांनी ओळखला जातो. प्रवाशासाठी येथे प्रेक्षणीय स्थळांची वाण नाही. नीम शहराजवळ इसवी सनाच्या पहिल्या शतकातील तीन मजली रोमन जलसेतू, पों द्यु गार, अद्याप उभा आहे. नार्बोन ही रोमन वसाहत इ. स. पू. ११८ मध्ये स्थापन झाली व इटलीहून स्पेनकडे जाणारा विआ दोमितिया हा राजमार्ग तिच्यावरून गेला. कार्कासोनची तटबंदी आहे. पिएर-पोल रिके याने १६६६ मध्ये आरंभिलेला व १६८१ मध्ये पुरा झालेला, तुलूझ शहराला भूमध्य सागरकिनाऱ्याशी जोडणारा सुमारे २४० किलोमीटर लांबीचा मिदी कालवा आहे. या साऱ्यांच्या भोवती, डोंगरउतारांपासून समुद्रकाठच्या सपाटीपर्यंत, द्राक्षवेलींच्या रांगा आहेत.

तथापि ही स्थळे एकेकटी पाहिली तर प्रदेश हाती लागत नाही. ती एकत्र कशी वाचावी याचा धडा ज्याने दिला, तो पोल व्हिदाल द ला ब्लाश याच द्राक्षभूमीतील पेझेनास या गावी १८४५ मध्ये जन्मला. आधुनिक फ्रेंच भूगोलाचा हा प्रवर्तक. निसर्ग शक्यता पुढे ठेवतो. त्यांतून मनुष्यसमूह पिढ्यान्‌पिढ्या जी जीवनपद्धती घडवितो, तिच्यामुळे प्रदेशाला व्यक्तिमत्त्व येते, हा त्याच्या विचाराचा गाभा होय. या दृष्टीने पाहता रोमन मार्ग, कालवा आणि द्राक्षवेल या तीन वेगळ्या वस्तू राहत नाहीत. मार्ग व कालवा यांनी मद्य बाहेर नेले; एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लोहमार्ग आला, तेव्हा उत्तरेकडील कारखान्यांच्या शहरांत स्वस्त मद्याला अफाट मागणी निर्माण झाली आणि लांगदॉकच्या सपाटीवरील गव्हाची शेते हटून तेथे वेलीच वेली आल्या. एका पिकावर विसंबलेला मुलूख असा तयार झाला.

त्या विसंबण्याची किंमत दोन वर्षांशी निगडित आहे. १८६८ मध्ये माँपेलिए येथील वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशाँ व त्याचे सहकारी यांनी सुकत चाललेल्या वेलींची मुळे उपटून पाहिली, तेव्हा त्यांवर अमेरिकेतून आलेली फायलोक्सेरा ही सूक्ष्म कीड आढळली. पाने पिवळी पडत होती, पण रोग मुळाशी होता. दुसरे वर्ष १९०७. वेली पुन्हा उभ्या राहिल्या होत्या, मद्य उदंड पिकत होते. परंतु साखर व पाणी घालून केलेले भेसळीचे मद्य आणि अल्जीरियाहून येणारे मद्य यांमुळे भाव कोसळला. अर्जेलिए गावच्या मार्सलँ आल्बेर याच्या पुढाकाराने द्राक्षमळेवाले रस्त्यावर आले. ९ जून १९०७ रोजी माँपेलिए येथे लाखो लोक जमले. नार्बोन येथे गोळीबारात माणसे मेली. आग्द येथे सतराव्या पायदळ पलटणीतील सैनिकांनी आज्ञा मोडली. त्याच महिन्याच्या २९ तारखेस फ्रेंच संसदेने भेसळीविरुद्ध कायदा केला. पहिले संकट मुळाचे होते, दुसरे बाजाराचे.

२. काळी आणि पांढरी

हीच दृष्टी वर्धेच्या खोऱ्याकडे वळविली असता सहलीचा आरंभ बागेत न करता कौंडण्यपूरच्या टेकाडावर करणे योग्य ठरते. अमरावतीपासून पूर्वेस सुमारे ४० किलोमीटरवर, वर्धेच्या उंच काठावर हे गाव वसलेले आहे. नदीपलीकडे वर्धा जिल्ह्यातील आर्वीचा मुलूख सुरू होतो. सातपुड्यात मुलताईजवळ उगम पावणारी ही नदी वऱ्हाडची परंपरागत पूर्वसीमा होय. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात विदर्भाची दोन राज्यांत वाटणी होते, तेव्हा वरदा नदी ही सीमा ठरते. ती वरदा म्हणजेच ही वर्धा.

लोकपरंपरेत कौंडण्यपूर ही भीष्मक राजाची राजधानी व रुक्मिणीचे माहेर. ज्या अंबिकेच्या देवळातून श्रीकृष्णाने रुक्मिणीचे हरण केले, ते देऊळ भाविक येथे दाखवितात. दमयंती, लोपामुद्रा व इंदुमती यांचीही नावे या स्थळाशी जोडली जातात. येथून पंढरपुरास जाणारी रुक्मिणीची पालखी १५९४ पासून चालत आल्याचे सांगितले जाते. आषाढीच्या वारीसाठी ती कित्येक दिवसांची वाट चालते. कार्तिकात येथे यात्रा भरते. अभ्यासकाने ही परंपरा इतिहासाचा पुरावा म्हणून नव्हे, तर प्रदेशाच्या आत्मभानाचा पुरावा म्हणून नोंदावी. विदर्भ हे नाव उच्चारताच वऱ्हाडी मनुष्याला पहिली आठवण होते ती रुक्मिणीच्या माहेराची. या आठवणीला नदीकाठची एक निश्चित जागा आहे.

त्या जागेचा दुसरा पुरावा मातीत आहे. १९६२ ते १९६४ या काळात महाराष्ट्र राज्याच्या पुरातत्त्व विभागातर्फे डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी येथे उत्खनन केले. त्याचा अहवाल १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. काळ्या-तांबड्या मृद्भांड्यांचा वापर करणारी प्राचीन वस्ती आणि तिच्यावर सातवाहनकाळापर्यंत व पुढे साचत गेलेले थर या उत्खननाने उघड केले. म्हणजे या काठावर माणसाची वस्ती दोन सहस्र वर्षांहून अधिक काळाची आहे.

मराठी शेतकऱ्याच्या भाषेत गावाचे दोन भाग असतात : काळी व पांढरी. काळी म्हणजे कसावयाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पांढरी हे नाव उगाच पडलेले नाही. राख, शेण, चुना, पडलेल्या भिंतींची माती व हाडे शतकानुशतके एकावर एक साचून वस्तीखालची माती पांढुरकी होते. अशी माती शेताला खत म्हणून मानवते. त्यामुळे महाराष्ट्रातील अनेक प्राचीन टेकाडे गाड्या भरभरून खणून नेली गेली. काळीतून धान्य पांढरीत आले, आणि पांढरीची माती पुन्हा काळीत गेली. कौंडण्यपूरच्या टेकाडावर उभे राहून नदीची दरड, टेकाड व पलीकडची शेते यांचा एक छेद विद्यार्थ्याने वहीत काढावा. खापर मात्र उचलून नेऊ नये. जागेवरचे खापर हा पुरावा असतो, पिशवीतले खापर ही केवळ हौस.

या छेदावर कालमानाची रेघ ओढली म्हणजे एक गोष्ट लक्षात येते. पांढरीचा इतिहास सहस्रकांचा आहे. त्या मानाने संत्रे ही कालपरवाची गोष्ट. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांनी संत्र्याची झाडे औरंगाबादकडून आणविली, असे परंपरेने सांगितले जाते. वर्धेच्या अलीकडे, वऱ्हाडात, एकोणिसाव्या शतकात राज्य होते ते कापसाचे. अमेरिकन यादवी युद्धामुळे १८६० नंतर इंग्लंडच्या गिरण्यांना वऱ्हाडी कापूस हवासा झाला. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपुरास पोचला, आणि लांगदॉकच्या सपाटीवर द्राक्षवेलीने जे केले ते वऱ्हाडच्या काळीवर कापसाने केले. ज्वारी व कडधान्ये यांच्या जोडीने घेतले जाणारे पीक बाजारासाठीचे प्रमुख पीक झाले. संत्र्याचा मोठा विस्तार विसाव्या शतकातला आहे. वरूड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर व तिवसा या तालुक्यांत बागा पसरल्या, आणि ‘नागपुरी’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या फळाचा मोठा हिस्सा अमरावती जिल्ह्यातून जाऊ लागला. नागपुरी संत्र्यास २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली.

३. मूळ

कौंडण्यपूरहून उत्तरेस, नदीच्या वरच्या अंगाला मोर्शी व वरूडकडे गेले म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याचा मुलूख लागतो. वाटेत वळसा घेऊन ऋद्धिपूर पाहता येते. चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांचे हे वास्तव्यस्थान मराठी गद्याच्या उगमाशी निगडित आहे. संत्र्यावाचूनही या भूमीला मोठे पूर्वायुष्य होते याची खूण तेथे पटते.

बागेत शिरल्यावर दृष्टी स्वाभाविकपणे वर, फळांकडे जाते. ती खाली बुंध्याकडे वळवावी. संत्र्याचे झाड सामान्यतः स्वतःच्या मुळावर उभे नसते. जंबेरी अथवा रंगपूर लिंबाच्या रोपावर संत्र्याचा डोळा भरून कलम तयार करतात. खालचा खुंट एका जातीचा व वरचा विस्तार दुसऱ्या जातीचा. वरूड तालुक्यातील शेंदूरजना घाट हे गाव अशा रोपवाटिकांसाठी प्रसिद्ध आहे. सहलीत येथे अर्धा दिवस अवश्य द्यावा आणि डोळा भरण्याचे काम प्रत्यक्ष पाहावे. डोळा जमिनीपासून किती उंचीवर भरला, मातृवृक्ष कोणता निवडला, वाफ्यातील माती निर्जंतुक केली होती की नाही, हे प्रश्न विचारावे. येथली चूक लगेच दिसत नाही. रोप लावल्यापासून बागेचे खरे उत्पन्न सुरू होण्यास पाच-सहा वर्षे लागतात. रोगट रोप विकत घेणाऱ्याला आपली हानी बहुधा त्यानंतरच कळते.

या झाडाचा मोठा वैरी म्हणजे डिंक्या रोग. फायटोफ्थोरा नावाची बुरशी ओलसर जमिनीत वाढते, तंतुमुळे कुजविते, बुंध्याची साल तडकवून त्यांतून डिंक पाझरविते आणि झाड शेंड्याकडून वाळू लागते. काळी भारी जमीन पावसाळ्यात पाणी धरून ठेवते. निचरा नसेल तर तीच जमीन बुरशीचे घर होते. कापसाला जी जमीन उत्तम, ती संत्र्याला उत्तम असतेच असे नाही. लागवड वाढत गेली तेव्हा मुरमाट, निचऱ्याच्या जमिनींबरोबर अशा भारी जमिनींवरही संत्रे गेले. विद्यार्थ्याने निवडक झाडाजवळ, मालकाच्या संमतीने, लहानसा खड्डा खणून मुळांची व मातीची पाहणी करावी. मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब टाकावे. फेस आला तर चुनखडी आहे, आणि पाने पिवळी का याचे एक कारण सापडले. अशा जमिनीत मुळांना लोह मिळणे अवघड जाते.

हे सारे लांगदॉकच्या अभ्यासकाला अत्यंत परिचित वाटेल. फायलोक्सेरावर उपाय सापडला तो कलमाचाच : अमेरिकन वेलीच्या प्रतिकारक्षम खुंटावर युरोपीय द्राक्षाचा डोळा. परंतु पहिले अमेरिकन खुंट चुनखडीच्या जमिनीत पिवळे पडू लागले, म्हणून १८८७ मध्ये माँपेलिएचा पिएर व्हिआला याला चुना सोसणाऱ्या जातीच्या शोधार्थ अमेरिकेस धाडावे लागले. टेक्ससच्या चुनखडीत वाढणारी रानवेल त्या कामी आली. खुंट बदलला की माती बदलून चालत नाही; प्रत्येक मातीसाठी खुंट शोधावा लागतो, हा त्या अनुभवाचा अर्थ. नागपूर येथे १९८५ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन केंद्रापुढे, आजच्या केंद्रीय संस्थेपुढे, जे प्रमुख प्रश्न राहिले आहेत, त्यांत खुंटाचा व निरोगी रोपाचा प्रश्न अग्रभागी आहे.

दोन फलभूमींमधील आणखी एक दुवा वऱ्हाडी बागेत डोळ्यांसमोर असतो. संत्र्याच्या बुंध्यांना जमिनीपासून काही उंचीपर्यंत निळसर लेप दिलेला दिसतो. हे बोर्डो मलम : मोरचूद व चुना यांचे मिश्रण. नैर्ऋत्य फ्रान्समधील बोर्डो येथील प्राध्यापक मिलार्दे याने द्राक्षवेलीवरील केवडा रोगासाठी त्याचा उपयोग १८८५ मध्ये प्रसिद्ध केला. द्राक्षभूमीचे औषध आज वर्धेच्या खोऱ्यात डिंक्या रोखण्यासाठी हाताने फासले जाते.

४. पाणी

येथवर साम्य होते, आता भेद. द्राक्षवेल ही भूमध्य हवामानाची लेक आहे. लांगदॉकमध्ये पाऊस शरद-हिवाळ्यात पडतो व उन्हाळा कोरडा असतो. वेलीची मुळे खडकाळ जमिनीत खोल जातात आणि परंपरेने तिला पाणी द्यावे लागत नसे. अलीकडच्या अवर्षणांमुळे तेथेही ठिबक सिंचन शिरू लागले आहे, हा भाग निराळा. संत्र्याचे झाड सदाहरित. वऱ्हाडचा पाऊस चार महिन्यांचा, आणि उन्हाळा ४२ अंशांच्या वर जाणारा. आठ महिने पाण्यावाचून झाड जगणार नाही. म्हणून संत्र्याची बाग म्हणजे ओलिताची शेती, आणि ओलित म्हणजे विहीर.

पाण्याचा हा प्रश्न समजण्यासाठी बहाराची पद्धत समजून घेणे आवश्यक आहे. संत्र्याला फुलोरा आणण्यासाठी झाडाचे पाणी काही आठवडे तोडतात. याला ताण देणे म्हणतात. पाने मलूल होतात, वाढ थांबते आणि पुन्हा पाणी मिळताच झाड फुलते. डिसेंबर-जानेवारीत ताण देऊन जानेवारी-फेब्रुवारीत फुलविला जातो तो आंबिया बहार. त्याची फळे हिवाळ्याच्या आरंभी येतात. एप्रिल-मे महिन्यांत ताण देऊन पावसाच्या आगमनाबरोबर फुलतो तो मृग बहार. त्याची फळे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास उतरतात. आंबिया धरणाऱ्याला चैत्र-वैशाखात, विहिरी तळाला गेल्या असताना, कोवळी फळे पाण्यावर जगवावी लागतात. मृग धरणारा उन्हाळ्यातले पाणी वाचवितो, पण तो पहिल्या पावसावर विसंबतो. पाऊस लांबला अथवा भारी जमिनीत ओल टिकून ताण बसला नाही, तर फुलोराच येत नाही. म्हणून कोणता बहार धरला, हा प्रश्न खरे तर विहिरीत किती पाणी आहे आणि शेतकरी कोणती जोखीम पत्करू शकतो, हा प्रश्न असतो.

या निवडीचा भार भूगर्भावर पडला. बेसॉल्ट खडकात पाणी साठते ते झिजलेल्या थरांत व भेगांत. सातपुड्याच्या पायथ्याशी गाळाच्या थरांत ते अधिक खोलवर असते. मोटेच्या काळी उपसा बैलांच्या शक्तीइतका मर्यादित होता. विजेचे पंप आले, मग विंधनविहिरी शेकडो फूट खाली गेल्या. भूजलाच्या सरकारी मूल्यमापनांत वरूड व मोर्शी ही नावे अतिशोषित क्षेत्रांच्या यादीत आली. मोर्शी तालुक्यात सिंभोरा येथे वर्धेवर ऊर्ध्व वर्धा धरण आहे. परंतु धरण जवळ असणे म्हणजे बागेला पाणी असणे नव्हे. कालव्याचे पाणी उताराने खालच्या मुलखात जाते; वरच्या अंगाच्या बागा विहिरींवरच राहतात. २०१९ च्या उन्हाळ्यात या पट्ट्यातील कित्येक बागा उभ्या वाळल्या. ज्वारी बुडाली तर एक हंगाम बुडतो. बाग वाळली तर पंधरा-वीस वर्षांची पुंजी जाते, आणि तिची जागा घेण्यास आणखी पाच-सहा वर्षे लागतात.

म्हणून सहलीचा एक भाग मे महिन्यात ठेवावा. लांगदॉकचा प्रवासी सप्टेंबरच्या द्राक्षतोडणीला येतो, वऱ्हाडचा पाहुणा डिसेंबरच्या फळाला. परंतु वेलीचे शास्त्र हिवाळ्यातील छाटणीत कळते, आणि संत्र्याचे भवितव्य वैशाखातल्या विहिरीच्या काठावर.

५. बाजार

तिसरी पाहणी बाजाराची. वरूड, मोर्शी, अमरावती व नागपूर येथील बाजारांत हंगामाच्या दिवसांत पहाटेच जावे. तत्पूर्वी शेतकऱ्याला विचारावे की बहार झाडावरच विकला की स्वतः तोडून आणला. पुष्कळदा व्यापारी फळ झाडावर असतानाच सबंध बागेचा सौदा करतो. शेतकऱ्याच्या हाती रोख रक्कम लवकर पडते; पण पुढे भाव चढला तर लाभ त्याचा नसतो, आणि भाव पडला तर व्यापारी तोडणी लांबवितो किंवा सौद्यातून अंग काढतो.

येथे द्राक्षभूमीशी असलेला निर्णायक भेद ध्यानात येतो. द्राक्ष नाशवंत, पण मद्य टिकाऊ. आंबविण्याच्या क्रियेने द्राक्षमळेवाल्याला काळ विकत मिळतो. बेझिएजवळील मारोसाँ या गावच्या मळेवाल्यांनी १९०१ मध्ये सहकारी विक्रीसंस्था स्थापिली व पुढे सामायिक तळघर बांधले, त्यामागचे गणित हेच होते : साठविता आले तर थांबता येते, थांबता आले तर भाव मागता येतो. १९०७ नंतर अशी सहकारी तळघरे लांगदॉकच्या गावोगावी उभी राहिली. आजही ती प्रवाशाला ठळकपणे दिसतात.

नागपुरी संत्रे थांबत नाही. साल सैल असल्याने सोलण्यास सोपे, पण वाहतुकीस नाजूक. साध्या हवेत ते थोडे दिवसच टिकते. रस काढून ठेवावा तर त्यात बिया पुष्कळ, आणि रस काढल्यानंतर काही वेळाने त्यात लिमोनिन या द्रव्याचा कडूपणा उतरतो. ताज्या फळाला जो आंबट-गोड स्वाद लोकप्रिय करतो, तो बाटलीत टिकत नाही. म्हणून ‘प्रक्रिया उद्योग काढावा’ ही सूचना ऐकण्यास सोपी असली तरी त्यामागे रसायनशास्त्राची अडचण उभी आहे, हे अभ्यासकाने विसरू नये. द्राक्षभूमीचे तळघर संत्राभूमीत जसेच्या तसे उतरविता येत नाही. येथे त्याची जागा शीतगृह, प्रतवारी आणि कडूपणा काढण्याचे तंत्र यांनाच घ्यावी लागेल.

टिकत नाही म्हणून जवळचे गिऱ्हाईक महत्त्वाचे. भारतीय संत्र्याच्या निर्यातीचा मोठा भाग दीर्घकाळ बांगलादेशाकडे जात असे. २०१९ नंतर त्या देशाने आयातशुल्क टप्प्याटप्प्याने वाढविले. २०२३ च्या हंगामापर्यंत ते इतके झाले की निर्यात घटली आणि तो माल देशांतर्गत बाजारात येऊन भाव उतरला. ढाक्यातील जकातीचा आकडा वरूडच्या बागेतील फळाचे मोल ठरवितो. १९०७ च्या लांगदॉकमध्ये अल्जीरियाच्या पिंपांनी जे केले, त्याहून ही गोष्ट जातीने वेगळी नाही : एका पिकावर व मोजक्या बाजारांवर उभ्या राहिलेल्या प्रदेशाच्या नाड्या प्रदेशाबाहेर राहतात. लांगदॉकनेही यातून एका कायद्याने सुटका करून घेतली नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे पुष्कळ वेली अनुदान घेऊन उपटल्या गेल्या, उरलेल्यांत गुणवत्तेवर भर आला, आणि प्रवाशांचे येणे हेही उत्पन्नाचे एक साधन झाले.

६. सहलीची आखणी

वरील विवेचनावरून पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या तीन दिवसांच्या सहलीचा क्रम असा सुचतो. पहिल्या दिवशी अमरावतीहून कुऱ्ह्यामार्गे कौंडण्यपूर : टेकाड, नदीची दरड, अंबिका व विठ्ठल-रुक्मिणी यांची देवळे, काळी-पांढरीचा छेद. शक्य झाल्यास हा दिवस कार्तिकी यात्रेच्या सुमारास धरावा. यात्रेला आलेली माणसे कोणत्या गावची व कोणती शेती करणारी आहेत, याची नोंद हाच एक लहान अभ्यास होतो. दुसऱ्या दिवशी मोर्शी-वरूड पट्टा : रोपवाटिका, एक जुनी व एक नवी बाग, प्रत्येकीतील रिकाम्या जागांची मोजणी, मुळांची व मातीची पाहणी, विहिरीची खोली व पाण्याची पातळी. एका ओळीतील किती झाडे मेली व किती पुन्हा लावली, हा आकडा पुष्कळदा लांबलचक प्रश्नावलीहून अधिक सांगून जातो. तिसऱ्या दिवशी पहाटेचा बाजार, प्रतवारी केंद्र व वाहतूक. फळ चाखावयाचे ते यानंतर, आणि दाम देऊन.

तथापि एका सहलीने प्रदेश कळत नाही. विभागाने वीस-पंचवीस विहिरी व पाच-सहा बागा निश्चित कराव्यात, त्यांच्या मालकांची संमती घ्यावी आणि दरवर्षी मे व डिसेंबर महिन्यांत त्याच विहिरींची पातळी, त्याच ओळींतील जिवंत झाडांची संख्या, धरलेला बहार आणि मिळालेला भाव एका नोंदवहीत लिहीत जावे. प्रत्येक तुकडीने आधीच्या तुकडीची वही पुढे न्यावी. दहा वर्षांत अशी वही प्रबंधांच्या अनेक निष्कर्षांहून मोलाची ठरेल. शिवाय तिची प्रत ज्यांच्या बागांतून ती तयार झाली त्या शेतकऱ्यांना देता येईल. पुढच्या हंगामात आंबिया धरावा की मृग, नवी बाग लावावी की त्या जमिनीत तूर-कपाशी घ्यावी, याचा निर्णय करताना त्यांच्याजवळ आज अनुभव आहे. जोडीला मोजलेले आकडे मिळाले तर तो निर्णय अधिक सावधपणे करता येईल.